हायब्रिड किती टिकते?

टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७मध्ये जपानात विक्रीला आली. तेव्हापासून एक शंका हायब्रिड गाड्यांची पाठ सोडत नाही: बॅटरी गेली की गाडी भंगारात? या शंकेचं उत्तर मला जाहिरातींपेक्षा जुन्या गाड्यांच्या इतिहासात अधिक भरवशाचं वाटतं.

अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०११मध्ये २००२ सालची, २ लाखांहून अधिक मैल धावलेली प्रियस तपासली. बॅटरी मूळचीच होती. तरीही दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या जवळपास नव्या प्रियसइतकंच मायलेज तिने दिलं.

यामागे अभियंत्यांनी घालून दिलेलं पथ्य आहे. गाडीतला संगणक निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळाशीही जाऊ देत नाही. इंजिन आणि मोटर भार वाटून घेतात. वेग कमी करताना मोटरही गाडी रोखते, म्हणून ब्रेकही कमी झिजतात.

अर्थात वय आणि उष्णता कुणालाच चुकत नाहीत. बॅटरी थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो. मागच्या सीटजवळची त्याची जाळी धुळीने तुंबली, की बॅटरी तापून लवकर थकते. जुनी हायब्रिड घेणाऱ्याने मीटरवरच्या आकड्याला घाबरण्याआधी ती जाळी पाहावी.