फेअर आइल आणि वाट चुकलेली पाखरे

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्क्नी व शेटलंड या द्वीपसमूहांच्या मध्ये फेअर आइल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे ३ मैल, रुंदी जेमतेम दीड. आडोशाला झाड म्हणून नाहीच. तेथील विणलेल्या लोकरी बंड्यांमुळे त्याचे नाव सर्वत्र झाले. परंतु पक्षिशास्त्राच्या इतिहासातील त्याचे स्थान याहून मोठे आहे, असे मला वाटते.

१९०५ च्या शरद ऋतूत एडिंबरोच्या संग्रहालयातील विल्यम ईगल क्लार्क येथे आले. आग्नेयेचा वारा सुटून आभाळ भरून आले, की रात्री प्रवास करणारी पाखरे समुद्रावर भरकटतात आणि दिसेल त्या भूमीवर उतरतात. अशा पाखरांची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी जॉर्ज स्टाउट या बेटकऱ्यास तयार केले. निरीक्षण म्हणजे तेव्हा बहुधा बंदूकच! दुर्मीळ पाखरू हाती आल्यावाचून विद्वान नोंद मानीत नसत. १९१० च्या सप्टेंबरात असाच एक तपकिरी वटवट्या मिळाला. ब्रिटनमधील ही त्याची पहिली नोंद. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी त्याचे वर्णन १८४९ मध्येच केले होते. आपल्याकडील झुडपांत हिवाळाभर ‘चक् चक्’ करणारा पाहुणा तो हाच. रशियाकडून ज्याने भारताची वाट धरावयाची, तो पश्चिमेस जाऊन प्राणास मुकला.

पुढे बंदुकीची जागा जाळीने आणि पायातल्या वाळ्याने घेतली. या बेटावर ते कार्य उभे केले जॉर्ज वॉटरस्टन यांनी. १९४१ मध्ये क्रीट बेटावर ते जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत, इयन पिटमन या सोबत्यासह, त्यांनी फेअर आइलवरील निरीक्षणकेंद्राचे आराखडे आखले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे १९४३ मध्ये त्यांची सुटका झाली. १९४७ मध्ये त्यांनी चक्क बेटच विकत घेतले. आणि १९४८ मध्ये आरमाराने सोडून दिलेल्या झोपड्यांत केंद्र सुरू झाले.

प्रश्न केवळ पाखरांचा नव्हता. सेंट किल्डा बेटावरील उरलेसुरले ३६ रहिवासी १९३० मध्ये तेथून हलवावे लागले होते. फेअर आइलवरही तीच पाळी येणार, असे भय होते. केंद्रामुळे पाहुणे येऊ लागले, बेटकऱ्यांस चार पैसे मिळू लागले. १९५४ मध्ये वॉटरस्टन यांनी बेट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे सोपविले. मार्च २०१९ मध्ये केंद्राची वास्तू आगीत भस्मसात झाली. बेट मात्र ओस पडले नाही.