गॉवर गल्चचे घोडेस्वार

हॉवर्ड झीफ यांनी १९७५ साली दिग्दर्शित केलेला 'हार्ट्स ऑफ द वेस्ट' हा विनोदी चित्रपट आम्ही हसण्यासाठी म्हणून पाहिला. मनात राहिली ती मात्र त्यातली उपेक्षित माणसे. जेफ ब्रिजेसने रंगविलेला लुईस टेटर हा आयोवाचा भाबडा शेतकरीपुत्र. काउबॉयच्या कादंबऱ्या लिहिण्याच्या वेडाने तो नेवाडातल्या एका 'विद्यापीठा'त दाखल व्हायला येतो आणि पाहतो तो काय, सारा ठगांचा व्यवहार! तेथून पळताना वाळवंटात त्याची गाठ स्वस्त चित्रपट काढणाऱ्या मंडळींशी पडते. पुढे त्याचे हस्तलिखितही ज्याला त्याने वडीलधारा मित्र मानले, तोच लांबवितो.

या कथेमागचा इतिहास खरा आहे. १९३०नंतरच्या मंदीत चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांतला दुसरा, स्वस्तातला, ठरावीक भाड्याने घेतला जाई. प्रेक्षकांची झुंबड उडाली तरी निर्मात्याला त्यातून अधिक काही मिळत नसे. नफा काढायचा तो खर्चात काटछाट करूनच. लोन स्टार कंपनीने १९३३ ते १९३५ या काळात जॉन वेनला घेऊन काढलेले चित्रपट आठवड्याभरात उरकले जात. सनसेट आणि गॉवर या रस्त्यांच्या चौकात कामाच्या आशेने काउबॉय वेशातली माणसे उभी असत, आपल्याकडे नाक्यावर मजूर उभे राहतात तशी. त्यांतले कित्येक खरेच गुराखी होते. त्या जागेचे नावच 'गॉवर गल्च' पडले.

माणसांहूनही वाईट दशा घोड्यांची. पायांना तारा बांधून त्यांना भरधाव असताना पाडीत. अमेरिकी चित्रपटांच्या १९३०च्या आचारसंहितेचा मसुदा फादर डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूंनी लिहिला, याचा आम्हां कॅथलिकांना अभिमान वाटतो. पण तिची नजर पडद्यावर काय दिसते यावर होती. कॅमेऱ्याच्या मागे काय चालते यावर नव्हे. १९३९च्या 'जेसी जेम्स' या (मोठ्या खर्चाच्या, हे विशेष) चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकलले गेले, तो मेला आणि लोक खवळले. तेव्हा कुठे १९४० साली प्राणिरक्षक संस्थेला चित्रीकरणावर देखरेखीचा अधिकार मिळाला.

टेटर उंचावरून थेट घोड्याच्या खोगिरावर उडी घेतो आणि वेदनेने कळवळतो, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतात. आम्हीही हसलो होतो.