जामठ्याचा सोळा वर्षांचा रेकॉर्ड

ज्यांना हेडफोन लावायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. जसं बोललो तसंच आहे, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढलेत.

ऊर्जानगरातून नागपूरला गाडीने निघालं की भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी आणि मग जामठा येतो. स्टेडियम दिसलं की आम्ही समजायचो, नागपूर आलं. याच मैदानावर क्रिकेटचा एक वर्ल्ड रेकॉर्ड झालाय, तो ना सचिनचा आहे, ना आपल्या विदर्भाच्या कोणाचा. तो आहे कॅनडाच्या एका पोराचा. नाव नितीश कुमार. (बिहारवाले नाहीत. गुगल केलं तर आधी तेच येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

तारीख २८ फेब्रुवारी २०११, सोमवार. मी तेव्हा आठवीत. सकाळची शाळा करून घरी आलो, तर बाबा नाईट शिफ्ट करून टीव्हीसमोर बसलेले, कारण त्याच दिवशी केंद्राचं बजेट होतं. कोळशाचं काय, टॅक्सचं काय, त्यांना तेच पाहायचं. मला वर्ल्ड कपची मॅच हवी होती. कॅनडा आणि झिंबाब्वे. बाबा म्हणाले, "अबे, ही काय मॅच हाय का?" पण मॅच नागपूरला आहे म्हटल्यावर रिमोट दिला.

झिंबाब्वेने २९८ केले होते. ततेंडा तैबू ९८ वर आउट झाला. कॅनडाच्या टीममध्ये नितीश होता. वय १६ वर्षं २८३ दिवस. पुरुषांच्या वनडे वर्ल्ड कपमध्ये इतक्या लहान वयात तोपर्यंत कोणी उतरलेलं नव्हतं. आधीचा रेकॉर्ड बांगलादेशच्या तल्हा जुबेरचा, त्याने २००३ मध्ये सतरा पूर्ण केली होती. त्यानंतर तीन वर्ल्ड कप होऊन गेले, जामठ्याचा रेकॉर्ड तसाच आहे.

आता फिल्मी स्टोरी असती तर पोराने सेंच्युरी मारली असती. तसं काही झालं नाही. रे प्राइस आणि बाकीच्या स्पिनर्सनी कॅनडाची वाट लावली, १२३ ऑलआउट, १७५ रन्सने पराभव. नितीशच्या बॅटमधूनही फारसं काही निघालं नाही. बाबांनी मात्र स्क्रीनवरचं वय वाचलं आणि म्हणाले, "पाह्य, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा हाय. आन् तू अजून सायकलची चाबी हरवते." त्यामुळे ते नाव माझ्या डोक्यात कायमचं सेव्ह झालं.

दोन आठवड्यांनी, १२ मार्चला, त्याच जामठ्यात भारत-दक्षिण आफ्रिका झाली. सचिनचे १११, मग २९ रन्समध्ये नऊ विकेट्स आणि शेवटची ओव्हर नेहराची. त्या दिवसाबद्दल मी बोलणार नाही.

तर नितीश. जन्म २१ मे १९९४, स्कारबरो, म्हणजे टोरांटोचा पूर्वेकडचा भाग. वनडे पदार्पण १८ फेब्रुवारी २०१० ला शारजात, अफगाणिस्तानविरुद्ध, वय १५ वर्षं २७३ दिवस. बर्फात हॉकी खेळणाऱ्या देशात हे कुठून आलं, असं वाटेल. पण जगातली पहिली इंटरनॅशनल क्रिकेट मॅच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची नाहीच. ती १८४४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला झाली, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. कॅनडा २३ रन्सने जिंकला. पहिली टेस्ट त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८७७ ला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला या स्टोरीत रेकॉर्डपेक्षा त्याच्या नंतरची वर्षं जास्त छळतात. २०११ चा वर्ल्ड कप हा कॅनडाचा शेवटचा वनडे वर्ल्ड कप. पुढे आयसीसीने टीम कमी करून २०१९ आणि २०२३ ला फक्त दहा ठेवल्या. २०१४ च्या जानेवारीत क्वालिफायरमध्ये हरल्यावर कॅनडाचा वनडे दर्जाच गेला, तो परत मिळाला एप्रिल २०२३ मध्ये. नितीशचं वय धरा. दर्जा गेला तेव्हा १९, परत आला तेव्हा २८. बॅट्समनची घडण्याची म्हणून जी वर्षं असतात, ती सगळी यात गेली. त्या वर्षांत कॅनडा खेळत होता तो वर्ल्ड क्रिकेट लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. तिचं संक्षिप्त नाव डब्ल्यूसीएल. आमच्याकडे डब्ल्यूसीएल म्हणजे कोळशाची खाण, आणि खरं सांगतो, फार फरक नाही. दोन्हीकडे काम जमिनीखाली चालतं, वर कोणाला दिसत नाही.

आम्ही आयटीवाले कंपनी बदलतो तेव्हा कोणी गद्दार म्हणत नाही. क्रिकेटमध्ये देश बदलला की लोक भुवया उंचावतात. नितीश अमेरिकेत गेला, २०२३ मध्ये मेजर लीगच्या पहिल्या सीझनला लॉस एंजेलिसकडून खेळला आणि २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपसाठी अमेरिकेच्या टीममध्ये आला. पहिली मॅच १ जूनला, डलासजवळ ग्रँड प्रेरीला. समोर कोण? कॅनडा! १८४४ चीच जोडी. कॅनडाचे १९४, अमेरिकेच्या ॲरन जोन्सचे ४० बॉलमध्ये नाबाद ९४, आणि कॅनडा हरला.

मग ६ जून. पाकिस्तानचे १५९. शेवटच्या ओव्हरमध्ये हारिस रऊफसमोर अमेरिकेला १५ हवेत. शेवटच्या बॉलला पाच हवेत, स्ट्राइकवर नितीश. त्याने मिडऑफच्या डोक्यावरून चौका मारला. टाय. जामठ्यात १६ व्या वर्षी उतरलेला पोरगा आता तिशीत होता, आणि जगाने त्याच्याकडे नीट पाहिलं ते त्या चार रन्समुळे.

सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ केले, त्यातले बरेचसे पाकिस्तानने वाइड टाकून दिलेले. बॉलिंगला आला आपला सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा, कॉम्प्युटर इंजिनीअर, २०१० चा भारताचा अंडर-१९ वर्ल्ड कप खेळलेला. मुंबईकडून २०१३ मध्ये एक रणजी सामना मिळाला, मग कॉर्नेलला मास्टर्स आणि ओरॅकलमध्ये नोकरी. त्याने १३ दिले, अमेरिका पाच रन्सने जिंकली. त्या रात्री सगळे ऑफिस ग्रुप सौरभच्या मीम्सने भरले होते. इंजिनीअर जिंकला म्हणून आम्हीही उगाच छाती फुगवून घेतली. पण त्याला सुपर ओव्हर मिळाली ती नितीशच्या चौक्यामुळे, हे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मी लिहिलं. उत्तरात आलं, "बिहारचे सीएम?"

सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताशी मॅच. सौरभने कोहलीला शून्यावर आणि रोहितला तीनवर काढलं, ते सगळ्यांना आठवतं. त्याआधी अमेरिकेचे ११० झाले होते, अर्शदीपने नऊ रन्सात चार घेतलेल्या, आणि अमेरिकेकडून सर्वात जास्त रन्स नितीशचे होते, २३ बॉलमध्ये २७. सिराजने बाउंड्रीवर कॅच घेतला तेव्हा मी ऊर्जानगरला बाबांना फोन लावला. म्हटलं, तो जामठ्याचा पोरगा आठवतो का?

बाबा म्हणाले, "कोणता, बजेटच्या दिवशीचा?"