बॉइनकांठचें ट्रिम

आयर्लंडच्या मीथ परगण्यांत बॉइन नदीच्या कांठीं ट्रिम हें लहानसें गांव आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याजकडून 1172 मध्यें मीथची जहागीर मिळतांच ह्यू द लेसी यानें येथें ठाणें घातलें. पुढें त्याच जागीं उभा राहिलेला भुईकोट त्या देशांतील नॉर्मन किल्ल्यांत सर्वांत मोठा होय. समोरच्या तीरावर जुन्या मठाचा ‘पिवळा मनोरा’ दिसतो. किल्ल्यापासून नदीच्या कडेनें पायीं निघालें, कीं थोड्याच वेळांत न्यूटाउन येथील, 1206 सालीं स्थापन झालेल्या मोठ्या ख्रिस्तमंदिराचे भग्नावशेष लागतात.

परंतु मराठी प्रवाशाचें पाऊल अडतें, तें गांवांतील एका स्तंभापाशीं. 1817 सालीं उभारलेल्या या स्तंभावर वेलिंग्टनचा पुतळा आहे. तरुणपणीं आयरिश पार्लमेंटांत ट्रिमचा प्रतिनिधि असलेला हाच आर्थर वेलस्ली 23 सप्टेंबर 1803 रोजीं कैलना ओलांडून असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला आणि विजयी झाला.

स्वतंत्र आयर्लंडांत डब्लिनचा नेल्सनस्तंभ 1966 सालीं सुरुंगानें उडविला गेला. ट्रिमचा हा स्तंभ मात्र उभाच राहिला. जेत्याचा कोट आणि जेत्याचा पुतळा यांच्या छायेंत तेथील लोक निर्भयपणें फिरतात. आपणहि तो दगड रागानें नव्हे, तर कैलनेचें स्मरण ठेवून वाचावा.