ट्रॉली आणि तिला ओढणारे

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. जुन्या किल्ल्यामुळे ते ओळखले जाते. भोवतालचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. या गावात ‘ट्रॉली’ म्हटले की एकच वस्तू डोळ्यांसमोर येते, ती म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेला लोखंडी हौदा. दिवाळीच्या पुढेमागे कापणी-मळणी उरकली की तीत धानाची पोती चढतात आणि खरेदी केंद्राबाहेर रांग लागते. हाच शब्द मुंबई-पुण्याच्या घरांत ओट्याखालच्या सरकत्या कप्प्यांना लावतात, रुग्णालयात रोग्याला नेणाऱ्या चाकांच्या खाटेला लावतात आणि रेल्वेत रूळ तपासणाऱ्या साहेबाच्या चालत्या बाकालाही. इतक्या निरनिराळ्या वस्तूंत समान ते काय? चाके, हे सोपे उत्तर झाले. आम्हांला दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. ट्रॉलीला स्वतःचे बळ नसते. ती नेहमी दुसऱ्या कोणाच्या बळावर चालते. म्हणून ट्रॉलीचा इतिहास हा वास्तविक तिला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्यांचा इतिहास असायला हवा. आणि नेमका तोच भाग या शब्दातून गळून गेला आहे.

शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे. गोल फिरणे, लोळत जाणे अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो हलक्या ढकलगाड्यांसाठी रूढ होता. पुढे अमेरिकेत विजेच्या ट्राम आल्या, तेव्हा डोक्यावरच्या तारेवरून घरंगळणाऱ्या छोट्या चाकाला हे नाव मिळाले आणि त्या चाकावरून अख्ख्या गाडीला. मुंबईत ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली ट्राम घोडे ओढत असत. १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. ती जाण्यापूर्वीच, ११ जून १९६२ रोजी, गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ‘बेस्ट’ने ट्रॉलीबस आणली. तिला रूळ नव्हते, पण वरची तार होती. तार सुटली की बस जागीच थांबणार! नावातले परावलंबन तिनेही पाळले. २४ मार्च १९७१ रोजी ती थांबली.

आमच्या विषयाला अधिक जवळची आहे ती रेल्वेची ट्रॉली. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वे भंडारा-तुमसरच्या बाजूने राजनांदगावपर्यंत गेली. १८८८ साली ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली. १९०८ च्या सुमारास गोंदियाहून नागभीडकडे अरुंद रूळमार्ग झाला आणि सौंदडसारखी स्थानके या भागाला जोडली गेली. असे रूळ टाकले की ते रोज तपासावे लागतात. त्यासाठी चार चाकांवर एक बाक, वर छत्री, बाकावर अधिकारी आणि मागे ट्रॉलीमन. दोघे जण रुळांवरून धावत ती ढकलतात, वेग आला की उडी मारून मागे चढतात, आणि वेग मंदावला की पुन्हा उतरतात.

भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत या वाहनाची जी व्याख्या आहे, ती साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. चार माणसांना जे वाहन रुळावरून उचलून बाजूला ठेवता येते, ती ट्रॉली. तशाच घडणीचे पण त्याहून जड असेल, ती लॉरी. लांबी-रुंदी नाही, वजनाचा आकडाही नाही. चार माणसांचे खांदे आणि कंबर हेच माप! गाडी येताना दिसली की चौघांनी बाक उचलून काठावर ठेवायचा आणि ती गेल्यावर पुन्हा रुळावर. आमच्या पाहण्यातला हा एकमेव मजकूर, ज्यात ट्रॉलीच्या अर्थामध्येच ती हलवणारी माणसे धरलेली आहेत. संख्येने का होईना, पण आहेत.

इतरत्र त्यांना वगळण्यासाठी प्रयत्न करावे लागले, असेही दिसते. १९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी चाकांची टोपली आणली, तेव्हा ती कोणी हातात धरीना. पुरुषांना ती दुबळेपणाची खूण वाटली, स्त्रियांनी बाबागाड्या ढकलून पुरे झाले असे म्हटले. शेवटी त्याने पगारी माणसे नेमून ती दुकानात ढकलत फिरायला लावली. ढकलण्याचे काम हलके, ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे.

आता पुन्हा झाडीपट्टीत येऊ. ट्रॉलीच्या आधी येथे काय होते? माणसांसाठी रेंगी आणि दमणी, ओझ्यासाठी बंडी आणि खाचर. प्रत्येकीचे काम वेगळे, म्हणून नाव वेगळे. त्यामागे जू, शिवळा, धुरा, कणा, तुंबा, आरे, धाव अशी अवयवांची मालिका. सुताराने चाक बांधायचे, लोहाराने लोखंडी धाव विस्तवात लाल करून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. गाडीच्या शब्दांत अशा रीतीने सुतार, लोहार आणि बैल तिघेही नांदत होते. ‘बैलगाडी’ या शब्दात तर ओढणारा पहिला येतो आणि गाडी मागून. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला जे वळण दिले, त्याचे मोल अशा वेळी ध्यानात येते. वस्तू गेली की तिचे शब्द कोशात तरी उरावेत, एवढी सोय त्या कामामुळे झाली.

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९६० च्या आसपास सुरू झाले. मुंबईची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ ची. तो गावोगावी पोहोचायला पुढची काही दशके लागली. ट्रॅक्टर मोठ्या कारखान्यातून आला, ट्रॉली मात्र बहुधा तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात जन्मली. बैलजोडीच्या कैकपट ओझे ती एका खेपेत नेते, हे मान्य करायलाच हवे. गाडीच्या आठवणीने गहिवरताना बैलाच्या खांद्यावरचे घट्टे विसरू नयेत. आज बैल आणि छकडा एकत्र दिसतात ते शंकरपटात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. कामातून गेलेली गाडी खेळात उरली.

परंतु खरा प्रश्न ट्रॉलीत बसणाऱ्यांचा आहे. रोवणीच्या दिवसांत सकाळी या ट्रॉल्यांतून पोती नव्हे, बायका जातात. पऱ्हे खणायचे, चिखलात वाकून रोवायचे आणि सांजेला त्याच ट्रॉलीतून परतायचे. रेंगी माणसांची आणि खाचर ओझ्याचे, हा भेद जुन्या भाषेला ठाऊक होता. ट्रॉलीने तो पुसला. कायद्याला मात्र तो पुसता आला नाही: ट्रॉली मालाची, तिच्यात उतारू असू शकत नाही. मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशाबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस ठरवले. २००७ मध्ये वीटभट्टीसाठी माती खणणाऱ्या, ट्रॉलीवरून जाताना जायबंदी झालेल्या एका मजुराचे प्रकरण तेथे आले. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, म्हणून कंपनी जबाबदार नाही, असेच न्यायालय म्हणाले. मात्र मजुराची गरिबी पाहून भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेशही दिला. त्या मजुराला न्याय मिळाला तो विशेष अधिकारातून; नियमात त्याला जागा नव्हती. उतारू नाही आणि मालही नाही, अशा माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न भाषेचाही आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. तेथे माणसाला निदान अवजाराचे नाव मिळाले. ट्रॉलीतल्या बाईला तेवढेही नाही. आमच्या वाचनात गाडीवान पुष्कळ भेटले; ग्रामीण साहित्याने त्याला बोली दिली, बैलांशी बोलायला लावले. ट्रॅक्टरचालकही अधूनमधून डोकावतो. मागच्या हौद्यात, एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने डबा धरून उभी असलेली बाई मात्र आम्हांला क्वचितच भेटली.

रेल्वेच्या नियमाने ट्रॉली सांगताना चार माणसे मोजली. सानगडीच्या रस्त्यावरची ट्रॉली कोणी लिहायला घेतली, तर तिनेही सुरुवात मोजण्यापासून करावी, असे आम्हांला वाटते. पोती किती, हे खरेदी केंद्राच्या वहीत लिहिलेले असतेच. बायका किती होत्या, ते लिहायचे राहिले आहे.