पटावरील नांव

आमच्या प्राथमिक शाळांच्या आगामी कार्यक्रमांत दोन दिवस असे आहेत कीं, त्यांचें मूळ सातारच्याच मातींत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर हें नांव सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर चढलें. २०१७ पासून तो राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ३ जानेवारी ही सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्या १८३१ सालीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं जन्मल्या.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं एकत्र वसतिगृह काढलें. घर दूर म्हणून मूल शाळेस अंतरूं नये, हा त्यांतील हेतु.

आज तीच अडचण निराळ्या रूपानें उभी आहे. विद्यार्थी दिवसाच्या सुमारासच ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बीड इत्यादि जिल्ह्यांतून मजूर कुटुंबें सांगली-साताऱ्याच्या फडांवर येतात. मुलांचीं नांवें मात्र त्यांच्या गांवच्या पटावरच राहतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखल्याअभावीं प्रवेश नाकारतां येत नाहीं. तेव्हां ७ नोव्हेंबरच्या भाषणांपूर्वीं आम्हीं जवळच्या फडावर जावें आणि एका तरी मुलाचा हात धरून त्याला शाळेंत आणावें. तेंच त्या दिवसाचें खरें स्मरण होय.