१२. मेरीमेकिंग

१२. मेरीमेकिंग : चारचौघांनी मिळून केलेली खाण्यापिण्याची, गाण्याबजावण्याची मौज. जवळच्या इतर इंग्रजी शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘फेस्टिव्हिटी’ला सणाचे निमित्त लागते, ‘रेव्हलरी’त रात्रीचा गोंगाट आणि बहुधा मद्य, ‘कराउझल’ म्हणजे तर मद्यपानाची बैठकच, कारण त्याचे मूळ प्याला पार रिता करण्याच्या जर्मन शब्दप्रयोगात आहे. येथे मद्याचा अर्थ मुळीच घेऊ नये, कारण प्रसंग सुरतेतला आहे. गुजरातेत राज्यस्थापनेपासून (१९६०) दारूबंदी आहे. मूळ मजकुरात वर्णिलेली रात्र चांदनी पडव्याची, म्हणजे आश्विन वद्य प्रतिपदेची, आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या रात्री सुरतकर गच्चीवर, रस्त्याकडेला सहकुटुंब बसून घारी आणि भुसू खातात. ही घारी म्हणजे मावा व सुक्या मेव्याचे सारण भरून तुपात तळलेली आणि वर थिजल्या तुपाचा जाड थर दिलेली मिठाई. आपल्या भोपळ्याच्या घाऱ्यांशी तिचे नावापुरतेच साम्य. भुसू म्हणजे मिश्र फरसाण. प्रसंग घडतो तो पर्वत पाटिया हा सुरतेचा आग्नेयेकडील भाग असून (गुजरातीत ‘पाटिया’ म्हणजे हमरस्त्यावरून गावाकडे वळणारा फाटा) जवळच्या लिंबायतमध्ये खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. संवादांतली मराठी-गुजराती सरमिसळ त्यामुळेच. पुढच्या ओळीतला ‘जलसा’ही गुजराती अर्थाने, म्हणजे मौज असा वाचावा. गाण्याचा किंवा सत्यशोधकी जलसा तेथे अभिप्रेत नाही. — संपा.